युफोनियमच्या पोटातलं लाकूड

रोज सकाळी, चहा उकळायच्या आधी, सहादेव गॅलरीत जाऊन उभे राहायचे. सदऱ्याच्या खिशातून ट्रम्पेटचा माऊथपीस काढायचे, बाहीला पुसायचे आणि ओठांना लावून फुंकायचे. मागे बाजा नाही, नळी नाही. नुसता तो पितळेचा कप. बाटलीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखा आवाज निघायचा. समोरच्या इमारतीत एसीच्या डब्यांवर बसलेली कबुतरं उडायची, एक चक्कर मारून पुन्हा तिथेच येऊन बसायची. वरच्या मजल्यावरची ममता ओरडायची, "अंकल, आज जरा सूर लागला हां!" त्यावर सहादेव वर न बघता म्हणायचे, "सूर कोण तपासतोय? ओठ तपासतोय."

ते खरंच होतं. सहादेवांना एकही गाणं वाजवता येत नव्हतं. दुरुस्त केलेल्या बाजातून हवा कुठे चोरून निघून जाते ते कळावं, एवढ्यापुरता एक लांब स्वर ओठांत शिल्लक असला की त्यांचं भागत होतं. त्यांची सून राजश्री लग्न होऊन या घरात आली तेव्हा सुरुवातीला तिला त्या आवाजाची चीड यायची. मग सवय झाली. पुढे पुढे तर तो आवाज ऐकू आला नाही की चहात साखर घातली की नाही, तेच तिला आठवेनासं व्हायचं.

सहादेव बस डेपोत पत्र्याच्या कामाला होते. चेपलेल्या बसगाड्या सरळ करायचं काम. तेव्हा घर नायगावच्या चाळीत होतं. एका भीमजयंतीला मिरवणुकीच्या रेटारेटीत बँडवाल्याचा ट्रम्पेट पायाखाली गेला आणि तो माणूस फुटपाथवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. सहादेव तेव्हा तिशीत. "दे इकडे, मी बसचं बॉनेट सरळ करतो, हे काय मोठं," म्हणाले आणि डेपोत नेऊन दुपारच्या सुट्टीत हातोडीनं ठोकून काढला. खड्डा गेला, पण ठोकून ठोकून पितळ पातळ झालं, पसरलं आणि शेवटी उभं चिरलं. बसचा पत्रा मार खातो, पितळ मार खात नाही. तो चिरलेला ट्रम्पेट परत देताना जी लाज वाटली ती त्यांनी पुढे आयुष्यभर फेडली. कुणाला ट्रम्पेट, कुणाला क्लॅरनेट, कुणाला ड्रमचं कडं. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, हौस म्हणून.

आणि त्या हौसेपायीच लाकूड शिकले. पितळेच्या भोंग्यातला खड्डा काढायचा तर आतून त्या भोंग्याच्याच आकाराचं लाकूड घालावं लागतं. चप्पल शिवणारा चामड्याच्या आत लाकडी पाऊल घालतो ना, तसं. डेपोसमोर बसणाऱ्या चांभाराकडून त्यांनी त्याचा शब्दही उचलला होता: कलबूत. कलबूत आत घालायचं, वरून साबणाचं पाणी लावायचं आणि गुळगुळीत पोलादी दांड्यानं पितळ हळूहळू दाबत न्यायचं. "ठोकायचं नाही, घोटायचं," असं ते म्हणायचे. हे बाजे हातानं घडवलेले. दोन भोंगे कधी सारखे नसतात. म्हणून बाजा शाबूत असतानाच मालकाकडून मागून आणायचा, त्याच्या मापाचं कलबूत कोरून ठेवायचं. पुढे कधी बाजा चेपला की तो मुळात कसा होता ते फक्त त्या लाकडाला ठाऊक असायचं. बाभळीची, शिसवीची, चिंचेची अशी कलबुतं करता करता एक मोठं पोतं भरलं. निवृत्तीनंतर मिरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये चौथ्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा सामानाच्या टेम्पोत ते पोतं सहादेवांनी स्वतःच्या पायांशी ठेवून आणलं.

माणूस तापट. एवढा तापट की मॉड्युलर किचन बसवायला आलेल्या पोराला त्यांनी, "भुसा दाबून त्याला लाकूड म्हणतोस? तुझ्या आईनं तुला भात म्हणून पेंड घातली का?" असं विचारून रडकुंडीला आणलं होतं. सासूबाई, सरोजा, होत्या तोवर त्या मधे पडायच्या. त्या गेल्यावर मधे पडायचं काम आपोआप राजश्रीकडे आलं, जसं दूध तापवायचं आलं, गॅसचा नंबर लावायचं आलं. ती स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. दिवसभर लोकांचा राग झेलायचा तिला सराव आहे. पण तिथे संध्याकाळी शटर पडतं.

यंदा होळीच्या आधी घराचं रंगकाम काढलं. गॅलरी रिकामी करायची होती. पोतं खाली जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ठेवायचं ठरलं. लिफ्ट बंद होती. राजश्रीच्या नवऱ्यानं, संघर्षनं, ते खांद्यावर घेतलं आणि प्रत्येक मजल्यावर थांबून म्हणाला, "पप्पा, काय धोंडे भरलेत यात?" सहादेव मागून उतरत होते. "कोपऱ्यावर आपटू नको. हळू. हळू म्हटलं ना!"

संघर्ष विमा कंपनीत आहे. शांत, हसरा, कुणाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही असा. याच वर्षी तो सोसायटीच्या कमिटीवर निवडून आला होता. इतकी वर्षं या इमारतीत राहून यांच्या घरातलं कमिटीवर गेलेलं ते पहिलं माणूस. सेक्रेटरी निकेत त्याला आता 'संघर्षभाई' म्हणायचा, जिन्यात खांद्यावर हात टाकायचा. राजश्रीनं बघितलं होतं, त्या हाताखाली नवऱ्याची पाठ कशी ताठ व्हायची.

होळीच्या संध्याकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर खड्डा खणला होता. मुलं लाकडं मागत फिरत होती. निकेत म्हणाला, "संघर्षभाई, वो सीढी के नीचे लकडी का बोरा है ना, दे दो बच्चों को. वैसे भी फायरवाला आके चिल्लाएगा." आणि संघर्षनं दिलं. नुसतं दिलं नाही, स्वतः उचलून नेलं. रात्री घरी आला तेव्हा अंगाला धुराचा वास, हातात प्रसादाच्या धाणी-खजुराचा द्रोण, चेहरा उजळलेला. "राजश्री, निकेतनं नारळ मला टाकायला लावला. म्हणाला, इस साल कमिटी की तरफ से तुम." सहादेव तेव्हा आत झोपले होते. तिनं चार दाणे तोंडात टाकले आणि तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आपला नवरा असा आनंदात तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, आणि याचाच तिला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

सकाळी सहादेव पोत्यातलं एक कलबूत आणायला खाली गेले. राई गावातले बँडमास्तर काशीनाथ यांचा युफोनियम दुरुस्तीला आला होता. युफोनियम म्हणजे पोटाशी धरून वाजवायचा मोठा, जाड आवाजाचा बाजा. टेम्पोचा फाळका पडून त्याचा भोंगा एका बाजूनं पार चपटा झाला होता. जयंतीला तो वाजायला हवा होता, आणि पुढे राईतल्या लग्नांच्या हळदींना.

जिन्याखाली पोतं नव्हतं.

वॉचमननं सांगितलं तसे ते मागच्या प्लॉटवर गेले. राजश्री गॅलरीतून बघत होती. पोरं रंग उडवत होती, पिचकाऱ्या, फुगे. आणि मधे हा पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा राखेच्या कडेला उकिडवा बसून राखेत हात घालत होता. कुणीतरी त्यांच्या पाठीवर गुलाबी पाणी उडवलं. ते हलले नाहीत. ती खाली धावली तोवर निकेत तिथे पोचला होता.

"अंकल, सॉरी, सॉरी. पता नहीं था. लकडी ही तो थी, मैं टिम्बरवाले से नयी मंगवा देता हूँ ना. सागवान मंगवाता हूँ!"

सहादेव उठले. हात कोपरापर्यंत करडे झाले होते. "निकेत, तेरे बाप का एक ही फोटो तेरे घर में हो, मैं वो जला दूँ, और बोलूँ, कागज ही तो था, नया मंगवा देता हूँ. चलेगा?"

निकेत एक पाऊल मागे सरला. मग, स्वतःला सोडवून घ्यायला, तो जे बोलला ते बोलायला नको होतं. "अंकल, बोरा तो संघर्षभाई खुद लेके आये थे."

सहादेव जिने चढायला लागले. राजश्री मागून येत होती. पांढऱ्या सदऱ्यावरचा तो गुलाबी डाग तिच्या डोळ्यांसमोर वर वर सरकत होता. घरात शिरल्यावर त्यांनी हात धुतले नाहीत. सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या मुलासमोर उभे राहिले.

"पोतं तू नेलंस?"

संघर्षनं पेपर खाली ठेवला. राखेचे हात बघितले आणि त्याला सगळं एकदम कळलं. "पप्पा... ते... मला वाटलं ते दुसरं आहे."

"दुसरं कुठलं?"

"वाटलं, भंगारातलं. चांगली लाकडं तुम्ही वर ठेवली असतील..."

"तू स्वतःच्या खांद्यावरून खाली नेलंस! चार जिने माझ्याशी हुज्जत घालत नेलंस! लहानपणापासून घरात आहे ते पोतं. एकदा, एकदा गाठ सोडून आत डोकावला असतास तर तुला कळलं असतं, आत काय धोंडे भरलेत ते."

"पप्पा, चूक झाली माझी. पण सणाच्या दिवशी ते सगळे उभे होते, नाही कसं म्हणणार..."

"नाही असं म्हणणार!" सहादेवांचा आवाज एवढा चढला की वर ममताच्या घरातला टीव्ही बंद झाला. "नाव संघर्ष ठेवलं तुझं. संघर्ष! आणि तुला एका सेक्रेटरीला नाही म्हणता येत नाही? गावात होळीची लाकडं आमच्या लोकांनी आणायची, असा रिवाज होता. माझ्या आज्यानं डोक्यावरून वाहिली. वेठीनं. जंगलातून ओंडके आणायचे, आणि होळी पेटली की लांब उभं राहायचं. माझ्या बापानं दीक्षा घेतली आणि पुढच्या शिमग्याला सांगितलं, नाही आणणार. मार खाल्ला त्यानं. त्याचा हा हात कायमचा वाकडा राहिला. त्यानंतर आपल्या घरातून होळीला काडी गेलेली नाही. आणि तू? तुला कुणी मारलं नाही, कुणी धमकी दिली नाही. नुसतं 'भाई' म्हणाले, तर तू हसत हसत नेऊन टाकलीस."

"कुणी वेठीला नव्हतं धरलं मला. शेजारी आहेत ते. मला पुढे उभं केलं त्यांनी, नारळ दिला—"

"होळी त्यांची आहे, त्यांना करू दे. माझं त्यांच्याशी भांडण नाही. तू मला विचारलं का नाहीस?"

 संघर्षनं राजश्रीकडे बघितलं. तिनं मान फिरवली.

त्या दुपारपासून सहादेव मुलाशी बोलायचे बंद झाले. युफोनियम दाराआड उभा करून ठेवला. अवजारांच्या पेटीला कुलूप लागलं. "मी आता हात लावणार नाही," हे त्यांनी राजश्रीला सांगितलं, म्हणजे संघर्षला कळावं म्हणून सांगितलं. आणि तिथून घरात एक नवीनच पद्धत सुरू झाली.

"राजश्री, त्याला सांग, लाईटवाला येऊन गेला."

संघर्ष हातभर अंतरावर बसलेला. "राजश्री, पप्पांना सांग, मी भेटलो त्याला खाली."

"त्याला सांग, टीव्हीचा आवाज कमी कर."

"पप्पांना सांग, केला."

पहिले काही दिवस तिला हसू यायचं. लॅबमध्ये ती मैत्रिणीला, संचिताला, नकला करून दाखवायची. मग हसू आटलं. दोघांचे निरोप तिच्या तोंडून जाताना त्यांतला राग गाळून द्यायचं कामही तिच्याकडेच होतं. सहादेव म्हणायचे, "त्या कारभाऱ्याला सांग," ती सांगायची, "पप्पा विचारतायत." संघर्ष म्हणायचा, "किती दिवस चालणारे हे नाटक?" ती सांगायची, "तो म्हणतोय, येईल." गाळलेला सगळा गाळ तिच्याकडेच साठत होता.

जयंतीच्या दिवशी मिरवणूक त्यांच्या रस्त्यावरून गेली. काशीनाथांचा बँडही त्यात होता. राजश्रीनं पांढरी साडी नेसून सहादेवांना तीनदा बोलावलं. दरवर्षी हा माणूस गाडीच्या मागे नाही, बँडच्या बाजूनं चालायचा. कुठला बाजा हवा सोडतोय ते कान लावून बघायचा. यंदा ते गॅलरीचं दार लावून आत बसले. बँड खालून गेला तेव्हा ती संघर्षच्या शेजारी उभी होती. ट्रम्पेट होते, ड्रम होते, पण सगळं वरवरचं वाजत होतं, खाली जमीन नसल्यासारखं. तिला संगीतातलं काही कळत नाही. तरी ते कळलं.

दुसऱ्या आठवड्यात काशीनाथ स्वतः आले. दारातूनच हाक. "सादेव, घरान हाय का?"

"आहे."

"बाजा झाला का माजा?"

"होणार नाही. घेऊन जा."

"म्हंजी?"

"त्याचं कलबूत जळलं." सहादेवांनी हनुवटी सोफ्याकडे केली. "कारभारी बसलेत तिथे. त्यांना विचार."

संघर्षनं सांगितलं. उभं राहून, खाली बघत, काही न लपवता. काशीनाथांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ती चिंच माजे आईनी लावलेली," ते म्हणाले. "बिल्डिंग आली तवा तोरली. तेच लाकूर दिलेला मी तुजे बापाला."

 राजश्रीनं पाणी आणून ठेवलं.

"आनि आता तुमी दोगं एकमेकाशी बोलत न्हाय?"

"नाहीत बोलत," राजश्री म्हणाली. दोघांच्याही वतीनं, नेहमीप्रमाणे.

"बरा हाय. माजा बाजा पन बोलत न्हाय. तिगांना एकाच कोपऱ्यान उभा करा." काशीनाथ उठले. सहादेवांच्या अगदी तोंडासमोर बोट नेऊन म्हणाले, "मी न्हेनार न्हाय. दुसऱ्याचे हातान माजा बाजा देनार न्हाय. हलदी चालू झाल्यात, माजी पोरा बिनपोटाचा बँड वाजवतान, लोक हसतान. तुजा राग तुजे घरान ठेव, माजे हलदीन कशाला आनतंस?" आणि दारात चपला घालताना, कुणाकडेच न बघता, "त्या चिंचेचा एक ओंडा हाय अजून परलेला, मागल्या पडवीन. वालवी लागली नसल तं."

सहादेवांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. संघर्षनं ऐकलं.

पण तो लगेच उठून गेला नाही. हे राजश्री कधी विसरणार नाही. मे महिना आला तरी तो ऑफिसला जात होता, येत होता, कमिटीच्या मीटिंगला मात्र जात नव्हता. एका संध्याकाळी ती लॅबमधून आली. एका पेशंटच्या भावानं रिपोर्टला उशीर झाला म्हणून तिला आईवरून बोललेलं होतं. चप्पल काढतेय तोवर सोफ्याच्या या टोकावरून सहादेव म्हणाले, "राजश्री, त्याला सांग, माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्यात."

त्या टोकावरून संघर्ष म्हणाला, "पप्पांना सांग, उद्या आणतो."

तिच्या हातातली चप्पल तशीच राहिली.

"मी नाही सांगणार."

दोघांनी वर बघितलं.

"एका सोफ्यावर बसलाय तुम्ही! मधे एक उशी आहे! मी या घरात लग्न करून आले, टपाल खात्यात भरती नाही झाले." तिचा आवाज चिरकत होता आणि तिला त्याची पर्वा नव्हती. "पप्पा, तुमचा राग खरा आहे. एक शब्द मी खोटा म्हणत नाही. पण तो रोज माझ्या जिभेवरून का वाहताय? तुमच्या आज्याला वेठीला धरलं म्हणून तुम्ही अजून जळताय ना? मग मला कशाला धरता? आणि तू रे! चूक झाली, चूक झाली, म्हणून मांडीवर हात ठेवून बसलायस. सॉरी म्हटलं की लाकूड उगवतं का? आजपासून या घरात निरोप बंद. बोलायचं तर तोंडानं बोला. नाहीतर मुकाट मरा."

शेवटचा शब्द तिनं परत घेतला नाही. त्याबद्दल ती स्वतःला दोष देत नाही. राग आला होता आणि तो राग वाजवी होता, असंच ती अजूनही म्हणते.

घर आणखी शांत झालं. गोळ्यांचं पाकीट सकाळी टीव्हीवर आलेलं असायचं. एकदा दोघांनीही दूध आणलं, दोन दिवस दही खावं लागलं. एकदा कुणीच आणलं नाही. राजश्रीनं स्वतःपुरता काळा चहा केला आणि दोघांसमोर बसून प्यायली.

त्या रविवारी संघर्ष स्कूटर घेऊन राईला गेला आणि चिंचेचा ओंडा घेऊन आला. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. अवजारांच्या पेटीला कुलूप होतं, म्हणून स्वतःच बाजारातून कानस आणि पटाशी आणलेली. दाराआडचा युफोनियम आणला आणि त्याच्या शाबूत बाजूला पुठ्ठा लावून, पेन्सिलीनं रेघ मारून, माप घ्यायला लागला. चपटी बाजू मुळात कशी असेल ते अंदाजानं ताडायचं. सहादेव खुर्चीवरून बघत होते. त्यांच्या कपाळावरची शीर राजश्रीला स्वयंपाकघरातून दिसत होती.

चिंचेचं लाकूड दगडासारखं. संघर्ष लाकडाच्या रेषांच्या उलट पटाशी मारत होता, ढलप्या उडत होत्या. तिसऱ्या रविवारी सहादेवांना ते बघवेना. ताडकन उठले, त्याच्या हातातून पटाशी हिसकावली, ओंडा उलटा फिरवून दिला, पटाशी जमिनीवर आपटली आणि परत येऊन बसले. एक शब्द नाही. पुढच्या रविवारी पेटीचं कुलूप उघडं होतं. भोंग्याला आतून खडू लावायचा, लाकूड घालून फिरवायचं, जिथे पांढरं लागेल तिथे लाकूड जास्त. हे त्यांनी करून दाखवलं तेही तसंच, तोंड शिवल्यासारखं. त्यानं चुकीच्या जागी कानस टेकवली की ते त्याच्या मनगटावर फटका मारायचे. संघर्षची बोटं सोलली. दोघांची डोकी एकाच लाकडावर वाकलेली, श्वास एकमेकांच्या कानाला लागेल एवढी जवळ, आणि तरीही गप्प.

राजश्रीला वाटलं होतं की हे बघून आपला राग जाईल. तो वाढला. काय अडलंय आता, असं तिला कणीक मळताना ओरडावंसं वाटायचं. हातानं चालतं, मग तोंडानं का नाही? पण निरोप बंद तिनंच केले होते. ती कणकेवर मुठी मारत राहिली.

ऑगस्टमधल्या एका रविवारी गॅलरीत पाण्याची झड येत होती म्हणून कागद हॉलमध्ये पसरले होते. कलबूत भोंग्यात अर्धंअधिक बसत होतं. सहादेवांच्या चष्म्यावर, भुवयांवर लाकडाचा तांबूस भुसा. राजश्री आत चपात्या लाटत होती. तेव्हा ते वाक्य आलं. मोठ्यानं नाही, हळूही नाही. कुणीही कुणाला म्हणेल तसं. तिचं लाटणं थांबलं. हॉलमधून उठल्याचा, चार पावलं चालल्याचा आवाज आला. संघर्ष काही बोलला नाही. बोलला असता तर कदाचित मोडलं असतं, असं तो नंतर म्हणाला.

जेवणं झाली. सहादेव आडवे झाले. चहाच्या वेळी राजश्री उठवायला गेली तेव्हा हात थंड होता.

लोक आले. काशीनाथ आले आणि बाजाबद्दल एक अक्षर न काढता पायांशी बसून राहिले. गाडीचं, कागदपत्रांचं सगळं निकेतनं धावपळ करून केलं; अगदी घरच्यासारखं केलं. जाताना दारात म्हणाला, "भाभी, वो लकडी..." आणि पुढे त्याला जमेना. राजश्रीनं त्याला मदत केली नाही.

बाजा अजून दाराआड आहे. संघर्ष रविवारी कागद पसरतो, कानस घेऊन बसतो. मधेच थांबतो. तिला माहीत असतं तो आता काय विचारणार.

"तू ऐकलंस ना? आतून ऐकू आलं ना तुला?"

"आलं."

"मलाच म्हणाले ना? म्हणजे, 'राजश्री, त्याला सांग', असं नाही ना?"

तिला चीड येते. इतके महिने, एवढं मोठं घर डोक्यावर घेणारा आवाज, आणि ठेवून काय गेले तर एवढंसं. त्याच्यावर चीड येते, गेलेल्यावर येते. तरी ती सांगते, कारण हा एक निरोप सांगायला ती नाही म्हणू शकत नाही.

"तुलाच. तुझ्याकडे बघून. म्हणाले, 'पंखा कमी कर रे, भुसा उडतोय.'"